रिकामी गाडी

इंग्रजांच्या काळात गोंदियाच्या आमच्या शाळेत विज्ञानाचे एक मास्तर होते. बोलता बोलता ते खडूचा हात स्वतःच्याच काळ्या कोटाला पुसत. बल, वस्तुमान आणि त्वरण शिकवायच्या दिवशी ते घरून एक लाकडी गाडी आणत आणि सोबत दहा वर्षांची लेक. आधी रिकाम्या गाडीला धक्का देत. ती सुसाट निघे. मग लेकीला वर बसवून तेवढाच धक्का देत.

"जोर तोच हाय, मंग गाडी काऊन हळू चालून राहिली?"

पोरांच्या आधी गाडीवरून तीच ओरडे, "मी बसली नं, बाबा!"

शेजारच्या वर्गात इतिहास शिकवताना मला हसू येई.

एका उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. सालेकशाचं ते स्थळ मीच आणलं होतं.

पुढच्या वर्षी मास्तर एकटेच गाडी घेऊन आले. मी दारातून पाहत होतो. त्यांनी पहिला धक्का दिला, दुसराही दिला. दोन्ही वेळा रिकामी गाडी सारखीच धावत जाऊन भिंतीवर आदळली.

"जोर तोच हाय, मंग गाडी काऊन..."

एवढं बोलून ते गाडीकडे पाहत उत्तराची वाट बघत राहिले.

मी माझ्या वर्गाचं दार लावून घेतलं.