कार्बोरेटरला पेलेल एवढाच पंप

बाबांना काचबिंदू आहे. समोरचं दिसतं, कडेचं दिसत नाही, आणि ही कड हळूहळू आत सरकत चालली आहे. गेलेली नजर परत येणार नाही, आता गाडी चालवू नका, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा बाबा शांतपणे मान हलवत होते. चुळबुळ माझी सुरू झाली. मला अंगणातली जीप आठवली.

बाबांनी जन्मभर अकोल्यात सरकारी जीप चालवली. साहेबांची. निवृत्तीनंतर ते अमरावतीला माझ्याकडे राहायला आले ते एक मोडकी जीप घेऊनच, स्वतःच्या नावावरची. तिचं इंजिन जाम होतं. "एकडाव आपली गाडी आपल्या हातानं चालवीन," एवढंच ते म्हणायचे. घाई कोणालाच नव्हती.

आता मला झाली. एका जुन्या मोटारीचं कार्बोरेटरवालं इंजिन मिळालं, मिस्त्रीनं ते जीपमध्ये बसवलंही. अडलं टाकीतलं पेट्रोल इंजिनाकडे ढकलणाऱ्या पंपावर. इंजिनाच्या बाजूला असलेला मूळ पंप चासीला घासत होता, म्हणून तो काढून टाकीजवळ विजेवर चालणारा पंप लावायचं ठरलं. मिस्त्री म्हणाला, थांबा, पाहतो. थांबणं माझ्या रक्तात नाही. मी स्वतः भंगारवाल्याकडे जाऊन एका फ्युएल इंजेक्शनच्या, म्हणजे कार्बोरेटर नसलेल्या नव्या पद्धतीच्या गाडीचा पंप उचलून आणला. चांगला दणकट.

"जोरदार हाय मॅडम," हातात तोलून मिस्त्री म्हणाला. तोही खूश.

चावी फिरवली. पंप घुमायला लागला, इंजिन एकदा खोकलं आणि कार्बोरेटरच्या तोंडातून पेट्रोल भळाभळा वाहू लागलं. मिस्त्रीनं झडप घालून बॅटरीची वायर उपटली. मी त्याच्यावरच खेकसले.

"कार्बोरेटर नीट पाह्यलं नाई काय तुमी?"

"चांगलं खोलून पाह्यलं. तुमीच घाई करून राहिल्या, त्याले मी काय करू?"

बाबा पायरीवर बसून हसत होते. "भांडा, भांडा. तवरक गाडी थंडी होते."

मला हसू आलं नाही. त्याच सकाळी त्यांचा हात लागून चहाचा भरलेला कप पडला होता. तो त्यांच्या कोपराशीच होता. मला भीती वाटत होती, आणि भीती वाटली की मी कोणावर तरी ओरडते.

मोबाइलवर शोधत बसले आणि कपाळावर हात मारून घेतला. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल पुरेसं भरलं की आतला तरंगणारा फ्लोट वर येतो आणि एक बारीक सुई पेट्रोलची वाट बंद करते. तिला थोडासा दाब पेलतो. इंजेक्शनच्या पंपाचा दाब त्याच्या दहापट. ती सुई बिचारी किती रेटून धरणार? जोराचा पंप म्हणजे चांगला पंप, असं धरून चालणारी मी, आणि मम म्हणणारा मिस्त्री.

मग कार्बोरेटरसाठीच असलेला, कमी दाबाचा पंप मागवला. पार्सल नागपूरहून निघालं, तिवशाला पोचलं, हे मी राजापेठेतल्या क्लासमध्ये शिकवता शिकवता फोनवर बघत होते. मुलं एकमेकांना कोपरं मारायची. एक गणित मी फळ्यावर तसंच अर्धवट सोडून दिलं.

नवा पंप बारीक टिकटिकला. इंजिन सुरू झालं आणि चालू राहिलं, थेंबही सांडला नाही. मिस्त्रीनं मला टाळी दिली.

रस्त्यावर चालवायची नाही, असं मी बाबांना बजावलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी चांदूर बाजारच्या रस्त्यावरच्या एका मोकळ्या लेआउटवर गेलो. प्लॉट विकलेले, घर एकही नाही. तिथवर मी चालवली, तिथं स्टिअरिंगवर बाबा बसले. गियर कधी पडला ते कळलंसुद्धा नाही. त्यांची पाठ ताठ झाली. मला इतका आनंद झाला की मी ओरडलेच, "बाबा, अजून एक चक्कर!"

दुसऱ्या चकरेत माझ्या बाजूनं गाय आली. धिप्पाड, पांढरी, सावकाश चालत. बाबा ब्रेक मारतील म्हणून मी वाट पाहिली. त्यांनी मारला नाही. मी हँडब्रेक ओढला. गाडी गचका खाऊन बंद पडली.

"काय झालं?"

"गाय होती बाबा."

"कुठं?"

ती माझ्या बाजूलाच उभी होती. मी बोट दाखवलं. बाबांनी मान पूर्ण वळवली तेव्हा त्यांना ती दिसली. ते तिच्याकडे बघत राहिले.

"एवढी मोठी," ते म्हणाले.

मग ते उतरले. बॉनेटला हात लावत पुढून फिरून माझ्या बाजूला आले. "सरक." जीपमध्ये ते कधी डावीकडे बसलेच नव्हते. मी पलीकडे सरकले आणि मला रडू फुटलं. क्लच दाबला, पण गियर पडेना. मान खाली घालून मी नुसती खटपट करत राहिले.

"खाली काहून पाहून राहिली?" बाबा म्हणाले. "समोर पाह्य माय. तुले दिसते."