मागची सायकल

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितली नाही. माझ्या पोटातलं सगळं आपल्याला ठाऊक आहे, असं ती मरेपर्यंत समजत होती. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच कारण असेल. ओळखीच्या माणसाला सांगायला जी हिंमत लागते ती माझ्यात तेव्हाही नव्हती — आता ऐंशी ओलांडल्यावर कुठून येणार?

सायकलची गोष्ट आहे. ऐकायला साधी वाटेल.

पन्नास ते साठच्या मधली वर्षं. भोसरी तेव्हा शेतांचं गाव होतं. पिंपरीच्या पुढे माळावर एक कारखाना नुकता उभा राहिला होता, पत्र्याचे डबे आणि झाकणं काढणारा. आमच्या गावातले पाच जण तिथे लागलो. पाचही जण प्रेसखात्यात, पत्रा दाबून कापणाऱ्या यंत्रांवर. दिवसभर धाडधाड चालायचं, घरी आल्यावर बायकांशी आम्ही जरा मोठ्यानेच बोलायचो. सकाळी भोसरीहून कासारवाडीपर्यंत नाशिकचा रस्ता, तिथून मुंबई रस्त्याला लागायचं. मुंबई रस्ता म्हणजे काय — समोरासमोरच्या दोन गाड्या अंग चोरून जातील एवढं डांबर, आणि कडेला वीतभर खाली मुरमाची साइडपट्टी. वेगातली सायकल वीतभर खाली उतरवून बघा एकदा. हँडल हातात राहत नाही.

आणि मागून बस. एस.टी. नव्हे, आमच्याच कारखान्याची बस. ऑफिसातल्या बाबूलोकांना पुण्याहून आणायची. आम्ही सायकलवर, ते खिडकीत. त्या बसचा ड्रायव्हर सायकलवाला दिसला की गाडी मुद्दाम डावीकडे घ्यायचा, अगदी कानाशी हॉर्न वाजवायचा, आणि माणूस मुरमात उतरेपर्यंत सोडायचा नाही. उतरल्यावर आरशात बघून हसतो, असं सोपान म्हणायचा. मी कधी पाहिलं नाही. मी तेव्हा मुरमात असायचो.

सोपान माझा मित्र. लहानपणापासूनचा. नाव घेतलं तरी अजून — असो. क्रमाने सांगतो.

आम्ही काय काय केलं म्हणून विचारू नका. शिव्या घातल्या, काचा बंद असायच्या. आमच्यातले इब्राहिमभाई वयाने मोठे, गोड बोलणारे. ते गेटवर जाऊन ड्रायव्हरला हात जोडून म्हणाले, "भाऊ, आमी गरीब माणसं, जरा जपून चालवा." तो म्हणाला, "रस्ता मोटारीचा आहे. तुम्ही बैलगाडीच्या वाटेनं जावा." मग अर्ज केला. अर्ज मी लिहिला — पाचांत सातवी पास मी एकटाच, त्यामुळे नाकाने कांदे सोलायचा हक्क माझाच. अधिकाऱ्याने अर्ज वाचून परत माझ्याच हातात दिला. म्हणाला, "बस कारखान्याची आहे. सायकली तुमच्या आहेत."

तेव्हा मी ती युक्ती काढली. हो, मीच. हे नीट लक्षात घ्या, कारण पुढे सगळं त्यावर आहे.

मी म्हणालो, आपण कडेकडेने जातो म्हणून तो आपल्याला ढकलतो. कड सोडायची. डांबरावर हातभर आत यायचं, एकामागे एक पाच जण. सगळ्यात मागच्याने बस ऐकली की उजवा हात आडवा बाहेर काढायचा आणि जागा सोडायची नाही. कितीही हॉर्न वाजू दे. ड्रायव्हर माणूस आहे, आडव्या हातावर गाडी घालणार नाही, त्याला वेग कमी करावाच लागेल. आणि नाहीच केला, तर मागच्याने "उतरा" म्हणून ओरडायचं. पुढचे चौघे आधी उतरतील, मागचा शेवटी. मागे राहायची पाळी रोज एकाची. सोपान म्हणाला, "आन् मागच्याचं डोकं फिरलं तर?" सगळे हसले. मीही हसलो.

युक्ती लागू पडली. पहिल्याच दिवशी इब्राहिमभाई मागे होते, आणि बस आमच्या मागे बैलगाडीच्या चालीने पिंपरीपर्यंत आली. खिडकीतले बाबू घड्याळं बघत होते. मला इतका आनंद आयुष्यात फार वेळा झालेला नाही. पुढे कासारवाडीचे, दापोडीचे सायकलवालेही तसंच करू लागले. चहाच्या टपरीवर लोक मला जागा करून द्यायचे. मी समजावून सांगायचो — मागच्याने कसं घट्ट राहायचं, भीती कशी गिळायची. माझी स्वतःची पाळी आली की बहुतेक वेळा बस पुढे निघून गेलेली असायची. मी तशीच वेळ साधायचो. मागच्या पाळीच्या दिवशी मला घरून निघायला उशीर व्हायचा. हे कोणाच्या लक्षात आलं नाही. आलं असेल तर कोणी बोललं नाही.

त्या दिवशी उशीर करता आला नाही. सोपान दारातच येऊन उभा राहिला. त्याची बायको पहिल्यांदा माहेरून बाळ घेऊन येणार होती, त्याला वेळेत सुटी करून घरी यायचं होतं. "चल बिगीबिगी," म्हणाला. रस्त्यात पुढे तिघे, मग सोपान, मग मी.

कासारवाडी सोडून थोडं पुढे गेल्यावर मागून बस ऐकू आली. समोरून एक मालट्रक येत होता. मी हात बाहेर काढला. नाही काढला असं म्हणणार नाही, काढला होता. हॉर्न वाजला. पुन्हा वाजला. वेग कमी झाल्याचा आवाज असतो, तो मला चांगला ओळखू यायचा. तो आला नाही. पाठीवर इंजिनाची गरमी लागली — किंवा लागली असं वाटलं.

मी हात आत घेतला आणि मुरमात उतरलो.

भ्यालो. बरं, भ्यालो. एवढंच असतं तर मी हे केव्हाच कोणाला तरी सांगून मोकळा झालो असतो. पायाखालचा साप बघून माणूस उडी मारतो, त्याला कोण नावं ठेवतं? पण तेवढंच नाही.

मी पडलो नव्हतो. सायकल सावरली, पाय टेकला, उभा राहिलो. बस माझ्या शेजारून पुढे जात होती. सोपान तिच्या पुढे होता, मान खाली घालून पॅडल मारत होता, मागे मी आहे या भरवशावर. ट्रक जवळ आला होता. बसला उजवीकडे जागा नव्हती. हे सगळं मी पाहिलं. ओरडायला किती वेळ लागतो? "उतरा" — तीन अक्षरं. माझं तोंड उघडलं होतं. छातीत हवा होती. आणि मला त्या क्षणी काय वाटलं सांगू? ओरडलो तर ते मागे बघतील. मागे बघतील तर मी आधीच खाली उभा दिसेन.

मला लाज वाटली. एका माणसाच्या जिवापुढे मला लाज वाटली, आणि मी तोंड मिटलं.

बसची कड सोपानच्या हँडलला लागली. तो आडवा पडला आणि मागचं चाक त्याच्या उजव्या पायावरून गेलं. गुडघ्याखाली. त्याच्या डब्यातली भाकरी रस्त्यावर पडली होती आणि मी ती उचलून पुसत होतो, असं इब्राहिमभाईंनी नंतर मला सांगितलं. मला ते आठवत नाही.

पोलीस आले, पंचनामा झाला. पुण्याच्या दवाखान्यात पाय कापला. चार दिवसांनी कारखान्यात चौकशी लागली. टेबलाच्या पलीकडे तोच अधिकारी, भिंतीशी ड्रायव्हर टोपी हातात घेऊन उभा. मला वाटत होतं, हा सांगणार — मागचा मुकाट उतरला. त्याच्याइतकं स्वच्छ दुसऱ्या कोणी पाहिलंच नव्हतं. अधिकाऱ्याने मला विचारलं, "तुम्ही ओरडलात?"

"ओरडलो, साहेब."

"मग तो उतरला का नाही?"

खोटं बोलणाऱ्याला पुढचं खोटं शोधावं लागत नाही हो. ते तयारच असतं. मी म्हणालो, "प्रेसवर काम करतो, साहेब. त्याला कानाने कमी ऐकू येतं."

इब्राहिमभाई म्हणाले, "मलाबी कायी ऐकू आलं न्हाई." मी म्हणालो, तुम्ही सगळ्यात पुढे होता, वारा समोरून होता. ते माझ्याकडे बघत राहिले आणि मग त्यांनी मान खाली घातली. तेही प्रेसवरच होते. त्यांना स्वतःच्या कानांची शंका आली असेल.

ड्रायव्हर एक शब्द बोलला नाही. त्याला बोलायची गरज उरली नव्हती. बहिरा माणूस भर रस्त्यात सायकल चालवतो, यात ड्रायव्हरचा काय दोष? कागद मिटला. त्या कागदाखाली माझी सही आहे, वळणदार अक्षरातली. ज्या माणसाला धडा शिकवायला मी चार माणसं रस्त्यावर आणली होती, त्याला सोडवलं मीच. दुसऱ्या दिवसापासून तो पुन्हा त्याच रस्त्यावर, आणि आम्ही चौघे मुरमात.

सोपानला कामावर परत घेतलं नाही. पाय नाही, त्यात बहिरा, असा शेरा होता. टेबलाशी बसून झाकणं निवडायचं काम त्याला देता आलं असतं. त्याला पाय लागत नाही. पण हाक मारली तर ऐकू येत नाही अशा माणसाला यंत्रांच्या खात्यात कोण ठेवणार?

मी दवाखान्यात गेलो तेव्हा त्याने पहिलं हेच विचारलं. "तू वरडला व्हतास न्हवं?"

"व्हय."

"मग मला कसं रं ऐकू आलं न्हाई?" तो पायाकडे बघत नव्हता. कानाला हात लावून बघत होता. मी त्याच्या उशाशी बसून त्याला समजावलं, प्रेसवर असं होतंच, हळूहळू जातं, कळत नाही. चांगलं समजावलं. समजावण्यात माझा हात कोण धरणार?

तो घरी आला तोवर ही बातमी गावात पोचली होती. त्याची बायको त्याच्याशी मोठ्याने बोलू लागली. मग शेजारी, मग सगळा गाव. बाळ बोलायला लागलं ते बापाशी ओरडूनच. आणि मी? मी सगळ्यांपेक्षा मोठ्याने बोलायचो. त्याच्या कानाशी वाकून. महिन्यातून एकदा जायचो, पावशेर शेव घेऊन. लोक म्हणायचे, मित्र असावा तर असा.

दोन-तीन वर्षांनी मला टाइम ऑफिसात हजेरी लिहायला घेतलं. अक्षर चांगलं म्हणून — असं म्हणाले. टाइम ऑफिसचे लोक बसने जायचे. मी कासारवाडीला उभा राहायचो आणि तीच बस माझ्यासाठी थांबायची. पहिल्या दिवशी ड्रायव्हरने मला आपल्या मागची जागा दिली. गाडी सुरू करताना मागे न बघता म्हणाला, "तुम्ही उतरलात ते शहाणपण केलंत, बाबू." मी काय केलं? मी "हं" म्हणालो. आणि खिडकीतून सायकलवाले मुरमात उतरताना पाहिले — रोज, कित्येक वर्षं. एकदाही त्याला "जरा हळू घे" म्हणालो नाही.

हे शेवटचं. टाइम ऑफिसात लागलो ते सांगायला मी सोपानकडे गेलो होतो. दुपार होती. तो ओट्यावर बसून दोर वळत होता, तेच काम आता करायचा. वहिनी आत चुलीपाशी. मी त्याच्या कानाशी वाकून, गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात माझी बातमी सांगायला लागलो.

तो म्हणाला, "हळू बोल. मला ऐकू येतं."

मी थांबलो. त्याचे हात थांबले नव्हते.

"तवाबी येत व्हतं," तो म्हणाला. "हारन आला. टरक आला. तुजी सायकल खाली गेल्याली आली, मुरमाचा आवाज आला. मी वाट बघत व्हतो, आता तू वरडशील. आता वरडशील."

रागाने म्हणाला असता तर बरं झालं असतं. त्याने दोराला पीळ दिला आणि टोक अंगठ्याखाली दाबलं.

तेवढ्यात वहिनी चहा घेऊन बाहेर आल्या. त्यांच्यासमोर मला दोनच गोष्टी करता येत होत्या. नेहमीसारखं बोलायचं, नाहीतर हळू बोलायचं. हळू बोललो असतो तर त्यांनी विचारलं असतं, आज असं का? आणि मग सांगावं लागलं असतं. सोपान माझ्याकडे बघत होता. तो बघत होता, मी कुठलं निवडतो.

मी त्याच्या कानाशी वाकलो आणि ओरडलो, "चहा आलाय!"

त्याने कप घेतला. त्यानंतर तो एकवीस वर्षं जगला, आणि हळू बोला, मला ऐकू येतं, असं त्याने दुसऱ्या कोणालाही सांगितलं नाही. गाव ओरडत राहिला. मीही.