आक्काचा लाकडी वाईस

"अतिशय शांत, सोशिक, कधीही कसली तक्रार न करणाऱ्या आमच्या आक्का..." कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काकांचा हा निरोप आला तेव्हा मी साताऱ्यात ऑफिसचा जिना चढत होते. आक्का गेली हे नीट कळायच्या आधीच मला राग आला. त्याला आता दोन महिने होत आले, राग तिथेच आहे.

आक्का म्हणजे माझी आत्या, वडिलांची थोरली बहीण. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेला, तेव्हा ती सांगलीला माहेरी परत आली आणि टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला लागली. आयुष्यभर बोलण्याची नोकरी. घरातही आवाज तोच, खरखरणाऱ्या लाइनवर पलीकडच्याला ऐकू जावा असा. आमटी अळणी झाली तर ती पहिल्या घासाला सांगायची. गटार अर्धवट उपसून निघालेल्या माणसाला गल्लीच्या टोकावरून परत बोलवायची. मी कमी बोलते, म्हणून मलाही सोडायची नाही. "काय गं, तोंडात गुळणी धरलीयस व्हय? बोल की!" ही बाई म्हणे सोशिक.

निवृत्त झाल्यावर तिने बंद पडलेल्या एका वर्कशॉपमधून जुनं ड्रिल मशीन आणलं आणि मागच्या पडवीत टेबलावर बसवलं. तिला खुंटाळ्या करायच्या होत्या. लाकडाची लांब पट्टी, तिला ओळीने भोकं, भोकांत खुंट्या. आमच्या सगळ्या नातेवाइकांचे शर्ट आणि पिशव्या तिच्याच खुंटाळ्यांवर लटकतात. सुरुवातीला ती पट्टी हाताने धरायची. एकदा ड्रिल लाकडात अडकलं, पट्टी गरकन फिरली आणि तिच्या अंगठ्यावर बसली. काका म्हणाले, "बास झालं. मशीन भंगारात घालतो." अंगठ्याला फडकं गुंडाळत ती म्हणाली, "आधी तुझी मोटारसायकल घाल, बाळू. तू किती वेळा पडलायस?"

तरी लाकूड घट्ट धरायला काहीतरी हवंच होतं. बाजारातला लोखंडी वाईस आणून बघितला, पण त्याचे जबडे लाकडावर दात उमटवायचे. मग दिवाळीच्या सुट्टीत मी गेले तेव्हा आक्काने माळ्यावरून तिच्या लग्नातल्या पलंगाचे शिसवी पाय काढले.

"लग्नाचा पलंग कापतात व्हय आक्का?" काकांना धक्काच बसला.

"माणूस ऱ्हायला न्हाई, पलंग कशाला ऱ्हायला पायजे? पाय तरी कामाला येऊ देत."

एका पायाचे दोन ठोकळे झाले. एक फळीच्या टोकाला स्क्रूने पक्का केला, दुसरा दोन पट्ट्यांमधून पुढेमागे सरकेल असा ठेवला. त्यामागे आणखी एक ठोकळा, त्यात नट बसवला, नटातून आट्यांची सळई, आणि फिरवायला पेरूच्या लाकडाची मूठ. पहिल्यांदा आवळलं तर सरकता जबडा पुढे जायच्या ऐवजी वर उचलला गेला. आक्का आधी मशीनला शिव्या देत होती, मग मला, मग वर गेलेल्या नवऱ्याला. "तुझ्या पलंगासारखाच हाय ह्यो, कुरकुरतोय नुसता!" मी इतकी हसले की सळई हातातून पडली. शेवटी फळीच्या पोटाखालून एक पट्टी घेऊन तिने तो जबडा खाली अडकवला. मग तो मुकाट्याने सरकू लागला. गोल खुंटी धरण्यासाठी त्यात एक उभी खाच पाडली, ती माझ्याकडून. खाच जरा वाकडी आली. "चालतंय," ती म्हणाली. "तुझी हाय हे कळतंय."

काकांचा तो निरोप यायच्या दोनच दिवस आधी त्यांच्या मुलीच्या साखरपुड्याला मी सांगलीला गेले होते. स्वयंपाकघरात बायका पुऱ्या लाटत होत्या. आक्का ओट्याला टेकली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "छातीत दुखतंय माझ्या." काकू म्हणाल्या, पित्त असेल, सकाळपासून नुसता चहा झालाय. काकांनी ओव्याची डबी पुढे केली. आक्का चिडली. "मी सांगतोय छातीत दुखतंय, आणि तू ओवा काय देतोयस?" सांगलीकडच्या बऱ्याच बायकांसारखी ती स्वतःबद्दल 'सांगतोय', 'जातोय' असंच बोलायची. मी म्हटलं, रिक्षा बोलावते. काका म्हणाले, "पाहुणे दारात आलेत आणि घरातनं पेशंट काढायचा? सोमवारी दाखवू की." आणि त्या एकदाच, आयुष्यात त्या एकदाच, आक्काने आवाज खाली घेतला. "ऱ्हाऊ दे गं. पोरीचा साखरपुडा हाय." तिच्यावरही माझा राग आहे तो एवढ्याचसाठी. सोमवारी सकाळी ती अंथरुणातून उठलीच नाही.

दहाव्याला घर भरलेलं होतं. इतक्या माणसांच्या आंघोळीला गिझर पुरणार नाही म्हणून माळ्यावरचा जुना बंब काढला होता. मी पडवीत गेले तर मशीनखाली वाईस नव्हता. बंबाशेजारी सळई आणि नट बाजूला काढून ठेवलेले, भंगारवाल्यासाठी. शिसवी ठोकळे बंबाच्या जाळात. चिमट्याने मला एकच ओढून काढता आला, सरकता, वाकड्या खाचेचा. एका बाजूने पार कोळसा झालेला.

"अगं, लाकडाचे ठोकळे ते, मला काय ठाऊक?" काका म्हणाले. बाहेर कुणीतरी आक्का किती गरीब स्वभावाची होती ते सांगत होतं.

"हे जळण नव्हतं," मी म्हटलं. "आणि तिला पित्त नव्हतं. तिने सांगितलं होतं, तुमच्यासमोर. मशीन मी नेणार आहे."

माझा आवाज बाहेरच्या खोलीत गेला असावा. तिथलं बोलणं थांबलं.

आता मशीन साताऱ्यात माझ्या खोलीत, फ्रिजशेजारी आहे. बाकीचा वाईस मी नव्याने केला, जबडा मात्र तोच ठेवला. कितीही घासला तरी तो काळं सोडतो. धरलेल्या प्रत्येक लाकडावर हाताच्या अंगठ्याएवढा डाग उमटतो. पहिली खुंटाळी झाली, तिच्यावरचा डाग मी पुसला नाही, तशीच काकांकडे पाठवली.

परवा आईचा फोन आला. काकांनी म्हणे खुंटाळीला पांढरा ऑइलपेंट मारून ती दिवाणखान्यात लावली होती, आक्काच्या फोटोखाली. "पण अगं, रंगातनं तो डाग वर आलाय पिवळट. काका म्हणतायत आणखी एक हात मारतो."

"मारू देत," मी म्हटलं. "परत येईल."