फुकटचा राखणदार

अकोल्याच्या एका खाजगी कृषी कॉलेजात नगमा कॉम्प्युटर सांभाळायची. म्हणजे प्रिंटरमध्ये कागद अडकला की लोकांना तिची आठवण व्हायची.

ती वर्षं वाईट होती. कपाशीवर लाल्या रोग पडला की गावोगावचे लोक कॉलेजच्या सल्ला केंद्राला फोन लावायचे, आणि सल्ला देणारे मोतीराम सर इंटरनेट उघडायची वाट पाहत बसायचे. ते उघडणार कसं? अख्खा स्टाफ त्याच्यावर मोबाइलात क्रिकेट पाहत असायचा.

नगमानं इंटरनेटच्या दारावर राखण करणारं एक मुक्त सॉफ्टवेअर फुकटात उतरवलं आणि जुन्या कॉम्प्युटरवर चढवलं. नोंद असलेलं यंत्र आत, अनोळखी बाहेर, व्हायरसवालं बाजूला. केंद्राचं काम सुरळीत झालं.

मग संस्थेचे अध्यक्ष महादेवराव यांचा नवा मोबाइल अडला.

“मले अडवते? माह्याच कॉलेजात?”

“साहेब, तुमी कोण ते त्याले समजत नाही. एकदा नोंद करा.”

“त्याले नसन समजत, तुले तं समजते ना?”

अध्यक्षांना सूट मिळाली. मग संचालकांना, त्यांच्या जावयांना, जावयांच्या ड्रायव्हरांना. नियम पाळायला उरले एकटे मोतीराम सर.

ऐन फवारणीत अध्यक्षांचे जावई ओमप्रकाश यांच्या लॅपटॉपातून व्हायरस शिरला आणि केंद्र बंद पडलं. चौकशी समितीत महादेवराव होते, ओमप्रकाश होते आणि गरम भजी होती. ठपका सॉफ्टवेअरवर आला: फुकटचं होतं. शेतकरी मार्गदर्शनाच्या निधीतून भारी यंत्रणा घ्यायचं ठरलं. विकणारे ओमप्रकाशच.

नव्या यंत्रणेची पेटी आली. नगमानं स्क्रीन उघडली. रंग नवा, नाव नवं. तळाशी बारीक अक्षरांत त्याच मुक्त सॉफ्टवेअरचं नाव. ती अध्यक्षांकडे गेली.

“साहेब, हे तं आपलं जुनंच हाय.”

“असू दे. आता इकत घेतलं ना, आता चालन.”

नगमानं राग गिळला, पण यंत्रणा लावताना सूट कोणालाच ठेवली नाही. उद्घाटनाला महादेवरावांचा मोबाइल पाहुण्यांदेखत अडला. महादेवरावांनी मात्र तो कौतुकानं सगळ्यांना दाखवला. “पाहा, मलेही सोडत नाही. याले म्हन्तेत कडक माल.” टाळ्या पडल्या.

तेवढ्यात केंद्रातला फोन वाजला. नगमानंच आत जाऊन उचलला. हिवरखेडहून कोणी देवराव बोलत होते. पानं लाल पडली, काय फवारू?

“काका, मोतीराम सर कार्यक्रमात हायेत,” ती म्हणाली. “थांबा, बोलावून आणतो.”

ती मंडपात गेली. सरांच्या हातात हाराचं तबक होतं. ते खाली ठेवायची परवानगी कोणाला मागावी, हे त्यांना कळत नव्हतं.