सीटबेल्टचा दिवा

मंठ्याला स्टँडमागे गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारे एक मिस्त्री होते. काम करताना ते गाडीलाच दटावत, "गप बस, बघून राह्यलो ना."

माझ्या जुन्या गाडीत सीटबेल्ट लावला तरी त्याचा लाल दिवा जळतच राहायचा. एका दुपारी मी बेल्ट लावून बसलो आणि मिस्त्रींनी दारातून सीटखाली हात घातला. एक वायर ओढून म्हणाले, "सर, हिचा रंग सांगा बरं."

"पिवळा."

मग दुसरीचा विचारला, तिसरीचाही. मला वाटलं, गंमत करताहेत. शेवटी बोटांनी चाचपत त्यांनी सैल झालेला जोड घट्ट बसवला. दिवा विझला. मिस्त्री मात्र दिव्याकडेच तोंड करून थांबले होते.

"विझला का, सर?"

"हो. तुम्हाला दिसत नाही का, मिस्त्री?"

त्यांनी फडक्याला हात पुसले. "डॉक्टर म्हनले, गेलेली नजर येणार न्हाई. उरलेली बी जाईल. कुणाला सांगू नका, सर. मला दुसरं कायबी येत न्हाई."

तेवढ्यात बाहेर एक जीप येऊन थांबली. "आलो, आलो," म्हणत ते हसत उठले आणि भिंतीला हात लावत आवाजाच्या दिशेने निघाले.