सतीशने चाखलं, मी लिहिलं

तासगावच्या स्टँडवर बस सुटायच्या बेतात होती आणि आई धापा टाकत आत चढली. तिच्या हातात रुमालात गुंडाळलेला खंडोबाचा टाक होता. देव्हाऱ्यातून तो तिने घाईने उचलला असावा, कारण सकाळचं फूल अजून त्याला चिकटलेलं होतं.

"आई, गाडी सुटायला लागली."

"सुटू दे. आधी ह्येच्यावर हात ठेव. जयपूरला जाऊन बापाच्या वाटंनं जानार न्हाई म्हन."

कंडक्टर म्हणाला, "मावशी, देव पण चाललाय का जयपूरला? मग त्येचं तिकीट काढा." बस हसली. आई हसली नाही. मी टाकावर हात ठेवला आणि थेंबालाही शिवणार नाही असं म्हणालो. आमचे वडील हातभट्टीच्या दारूने गेले होते, त्याला तेव्हा चार वर्षं झाली होती. खाली खिडकीशी माझा धाकटा भाऊ सतीश उभा होता. तो सतरा वर्षांचा होता. तो घरीच राहणार होता, म्हणून त्याच्याकडून शब्द घ्यावा असं आईला वाटलं नाही. जो लांब जातो तोच बिघडतो, असा तिचा हिशोब होता.

या गोष्टीला चोवीस वर्षं झाली. मी हिंदी घेऊन एम.ए. झालो होतो आणि जयपूरच्या एका टूर कंपनीत प्रवाशांसाठी हिंदी माहितीपुस्तकं लिहिण्याची नोकरी मिळाली होती. देवळं कुठली बघावीत, शाकाहारी जेवण कुठे मिळतं, रिक्षावाल्याशी काय बोलावं, हे मी लिहीत असे. पहिले उन्हाळे खोलीच्या गच्चीवर पाणी मारून काढले. पुढे लग्न झालं, मेधा आली, मुलगी झाली. मुलगी आता "बाबा, मतलब मी काय सांगत होते" अशा मराठीत बोलते, आणि तिला टोकायचं मी सोडून दिलं आहे.

मी शब्द पाळला. हे इथे लिहिताना पूर्वी मला बरं वाटलं असतं. जयपुरात फौजेतली मराठी कुटुंबं येतात, तीन वर्षं राहतात आणि बदली होऊन जातात. त्यांच्या घरी गणपतीनंतर जेवणं होत. कुणी सुभेदार कँटीनची बाटली पुढे करून म्हणत, "सर, थोडीशी." मग मी टाकाची गोष्ट सांगत असे. बायका कौतुकाने बघत. सुभेदार बाटली बाजूला ठेवत. ही गोष्ट मी किती घरांतून सांगितली असेल याची मला आता लाज वाटते.

सतीश गावातच राहिला. बेदाण्याच्या शेडवर तो कामाला होता. द्राक्षं रॅकच्या जाळ्यांवर सुकतात, त्यांना गंधकाची धुरी देतात, मग माल निवडून त्याची प्रतवारी लावतात. सतीश नुसत्या वासावर प्रत सांगायचा. शेडवर संध्याकाळी दारू यायची. लग्न जमेना, दारू वाढली. अडतिसाव्या वर्षी त्याला रक्ताची उलटी झाली, मी जयपूरहून धावत आलो आणि मिरजेच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "यकृत निम्मं गेलंय. पुन्हा घेतली तर हा वाचणार नाही." हे त्यांनी मला सांगितलं. मला नीट समजलं होतं.

आई फोनवर म्हणाली, "तुज्याजवळ ऱ्हाऊ दे त्येला. तुजं बघून सुदारंल."

तो आला आणि सुधारला. जयपूरच्या सीतापुऱ्यात कपडे निर्यात करणाऱ्या एका कारखान्यात त्याला तपासनिसाचं काम मिळालं. सकाळच्या बसने जायचा, येताना मुलीसाठी पेरू आणायचा. इथलं ज्वारीचं पीठ त्याला आवडायचं नाही. "वैनी, ही भाकरी न्हवं, ही समजूत हाय," असं मेधाला म्हणायचा आणि तीन खायचा. अकरा महिने त्याने दारूला हात लावला नाही. गाल भरून आले. आईला त्याचे फोटो पाठवायचो तर ती म्हणायची, "तुजा हात लागला म्हनून."

मग ते पुस्तक आलं. खतांच्या कंपन्या चांगला धंदा करणाऱ्या डीलरांना परदेशी सहलीला पाठवतात. त्या वर्षी जयपूरजवळच्या चौमूं, बस्सी अशा गावांतले डीलर एका उष्ण बेटावर जाणार होते. बेटाचं नाव लिहीत नाही, कारण ते पुस्तक अजून लोकांच्या पिशव्यांत असतं. तिथे स्थानिक बिअर बनवणाऱ्या छोट्या जागा बऱ्याच आहेत. बिअर जिथे तयार होते तिथेच नळाला लावून पाजतात, त्यांना टॅपरूम म्हणतात. कुठल्या टॅपरूममध्ये कुठली बिअर प्यावी, कुणाला कडू लागेल, कुणाला झेपेल, सोबत शाकाहारी काय मिळेल, असं छोटं हिंदी पुस्तक हवं होतं.

आमच्या कंपनीचे मालक, त्यांना आम्ही ठाकुरसाहेब म्हणत असू, मला म्हणाले, "आप तो पीते नहीं. किसी और को भेज दूँ?"

मी नाही म्हटलं असतं तर तरुण मुलगा जाणार होता आणि पुढची परदेशी कामंही त्याचीच झाली असती. मी म्हणालो, "मेरा भाई साथ चलेगा. उसकी ज़बान बहुत तेज़ है."

मेधा म्हणाली, "त्यांना नका नेऊ." मी तिला सांगितलं, फक्त घोटभर तोंडात घ्यायची आणि थुंकायची, जाणकार लोक असंच करतात. तिने पुन्हा विचारलं, "मग तुम्हीच का नाही तसं करत?" मी म्हणालो, "मी आईला शब्द दिलाय."

हे वाक्य मी खरोखर बोललो.

सतीशने विमान पहिल्यांदा बघितलं. पहिल्या टॅपरूममध्ये एका लाकडी फळीवर चार छोटे ग्लास आले. समुद्राकडून गरम वारा येत होता, छताला नारळाच्या झावळ्या होत्या. सतीश ग्लासाकडे बघत बसला.

"दादा, आईला काय सांगायचं?"

"काही सांगायचं नाही. ती विचारणार नाही."

"तू घेनार न्हाईस?"

"मी कसा घेणार?"

त्याने मान हलवली. त्यालाही ते रास्त वाटलं. माझा शब्द आमच्या घरात सगळ्यांनी मिळून सांभाळलेली वस्तू होती.

त्याने घोट घेतला, तोंडात फिरवला, शेजारच्या भांड्यात थुंकला आणि म्हणाला, "ही तांदळाची हाय. हलकी. पावन्याला ताक दिल्यागत." मी लिहून घेतलं. दुसऱ्या ग्लासाला म्हणाला, "हितं धुरी जास्त झाल्या. जिभंला टोचतंय बघ." तिसरीत गवती चहा होता. तोही त्याने वासावरच ओळखला. चौथी काळी होती. ती त्याने दोनदा चाखली. मग म्हणाला, "खालच्या जाळीचा बेदाना वाळायचा ऱ्हातो न्हवं, त्यो असा लागतो. चिकाट, गोड, आन् मागनं करपट." तिथली बाई, जी ती बिअर बनवायची, तिला मी इंग्रजीत हे समजावून सांगितलं. तिने सतीशकडे बघून दोन्ही हात जोडले. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या जिभेची कुणी किंमत केली होती. त्याचा चेहरा मला अजून दिसतो.

पहिले तीन दिवस तो थुंकत होता. चौथ्या दिवशी नारळाची एक बिअर त्याने गिळली. मी बघितलं. त्याने माझ्याकडे बघितलं. मी खाली वहीत बघितलं आणि विचारलं, "हिला कसं म्हणायचं?"

तो सांगत गेला, मी लिहीत गेलो. त्याचे शब्द त्या दिवसापासून सुटले, मोकळे झाले. मला भरभर मजकूर मिळत होता. पुढचे सहा दिवस त्याने एकदाही थुंकलं नाही आणि मी एकदाही बोललो नाही. मी त्याला थांबवू शकलो असतो. पुस्तक अर्धं राहिलं असतं, एवढंच झालं असतं. कुणी मला विचारलं की तुम्ही भावाला कधी गमावलं, तर माझ्यापुरता तो चौथा दिवस आहे.

जयपूरला परतल्यावर महिनाभरात सीतापुऱ्याच्या कारखान्यातून फोन आला की तो दुपारनंतर जागेवर नसतो. मग नोकरी गेली. मी त्याला रागावलो, कोंडून ठेवला, व्यसनमुक्ती केंद्रात घातला. तिथल्या समुपदेशकाने विचारलं, पुन्हा सुरुवात कशी झाली? सतीश शेजारीच बसला होता. तो म्हणाला, "माजंच मन ऱ्हाईलं न्हाई, साहेब." त्याने माझं नाव घेतलं नाही, आणि मीही घेतलं नाही. सात महिन्यांनी तो जयपूरच्या हॉस्पिटलात वारला. डोळे हळदीसारखे झाले होते. शेवटी शेवटी तो मुलीला पेरू खाल्लास का म्हणून विचारायचा.

पुस्तक चाललं. चौमूंचा एक डीलर ऑफिसात येऊन माझा हात हातात घेऊन म्हणाला, "भाईसाहब, ऐसा लगा जैसे आप बग़ल में बैठकर पिला रहे हों." ठाकुरसाहेबांनी पेढे वाटले. सतीशच्या तेराव्यानंतर हे आठ दिवसांत झालं.

गावी तेराव्याला मी जे ऐकलं ते तुम्हीच, गावच्या लोकांनो, बोलत होता. थोरल्याने खूप केलं, परदेशसुद्धा दाखवला, पण धाकट्यात दम नव्हता. आई आलेल्या बायकांना सांगत होती, "माज्या थोरल्या इलासनं शबूद पाळला बघा." मी मान खाली घालून बसलो. लोकांना ते दुःख वाटलं.

माझ्यासारखे जे गाव सोडून गेले त्यांना एक गोष्ट ठाऊक असेल. लांब गेलेल्याचं चांगलंच सांगितलं जातं. जो मागे राहतो त्याचं रोजचं पडणं-उठणं गल्ली बघते. सतीशची प्रत्येक रात्र गावाने पाहिली होती. माझा चौथा दिवस कुणीच पाहिला नव्हता. दोन वर्षं मी या सोयीत राहिलो.

या उन्हाळ्यात गावी गेलो आणि आईला सांगितलं. ती पडवीत गुडघ्याला तेल चोळत होती. मी सगळं सांगितलं, मिरजेच्या डॉक्टरांपासून. तिचा हात थांबला नाही. सगळं ऐकून झाल्यावर तिने विचारलं, "तू एकबी घोट घेतला न्हाईस?"

"नाही."

"त्येला पाजलीस आन् तू कोरडा ऱ्हायलास."

तिने तेलाची वाटी बाजूला सरकवली.

"त्यापरास तू प्याला असतास. तुला पचली असती."

त्या रात्री तिने मला जेवायला वाढलं. सकाळी चहा दिला आणि समोर बसली. रडलेली नव्हती. म्हणाली, "दोन वरसं गाव माज्या लेकाला नावं ठेवतंय आन् मी बी तुजंच कवतिक सांगतीया. तू लिवतोस न्हवं? मग ह्ये लिव. शेडवर जाऊन सगळ्यांम्होरं वाच. तवर ह्या घराला यायचं न्हाई."

मी पिशवी उचलली. पाया पडायला वाकलो तर तिने पाय मागे घेतले.

म्हणून हे लिहिलं आहे. बेदाण्याच्या शेडमालकांशी बोललो आहे. रविवारी काम सुटायच्या आधी, निवडणीच्या बायका आणि रॅकवरचे गडी असताना, मी हे उभा राहून वाचणार आहे. ज्यांच्याबरोबर तो प्यायचा तेही तिथे असतील. कुणाला काही बोलायचं असेल तर बोलावं, मी थांबेन. जयपूरच्या मराठी मंडळाच्या अंकालाही हेच पाठवतो आहे. ज्या घरांत मी टाकाची गोष्ट सांगितली त्यांतली बरीच कुटुंबं बदली होऊन गेली, त्यांचे पत्ते माझ्याजवळ नाहीत.

वाचून झाल्यावर मी आमच्या दारात जाईन. ती आत घेईल की नाही, मला माहीत नाही. जयपूरच्या माझ्या फ्लॅटमध्ये मला कुणी अडवत नाही. मी किल्ली लावतो आणि आत जातो, काय करून आलो हे ते दार विचारत नाही. चोवीस वर्षं मी त्याला घर म्हणत होतो. मला बाहेर उभं करायचा हक्क असलेलं दार एकच आहे, आणि घर म्हणायचं तर आता मी त्यालाच म्हणेन.