सरकार छोटं, पण लग्नात घुसणारं

मित्रांनो, आज राग बी आला नाही, म्हणूनच लिहून राहिली.

सकाळी इथं हिंदी मुलखात, आमच्या रिसालीच्या चौकात उमेदवार आले. माईक हातात घेऊन म्हणाले, "कारखाना चलाना सरकार का काम नहीं. सरकार छोटी होनी चाहिए." सरकारी पोलाद प्लांटच्या पगारावर आमाले वाढवणाऱ्या माझ्या बाबांनीही टाळ्या वाजवल्या.

मग ते म्हणाले, निवडून आलो तर मायबापाच्या सहीशिवाय पोरीचं लग्नच लागू देणार नाही.

मी उभी राहिली. "सरकार इतनी छोटी होगी, तो हमारी शादी में कैसे घुसेगी?"

ते हसले. "बेटी, तुम्हारी हो गई क्या?" सगळा चौक हसला. बाबा बी हसले.

घरी आल्यावर मी विचारलं, "बाबा, तुम्ही कावून हसले?"

"सगळेच हसून राहिले होते न, बाई." मग दार लावून हळूच म्हणाले, "पण तुह्यं बरोबर होतं."

हे मराठीत म्हणाले. आमची मराठी उंबऱ्याबाहेर जातच नाही. मतदानाले मात्र चौकात हसलेले बाबाच जातील.

तुमच्या घरचे बी दार लावल्यावरच तुमच्या बाजूनं असतात काय?